पावरहाऊसचं अलॉटमेंट

माझ्या नणंदेवर मी कधी चार बऱ्या ओळी लिहीन असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेल्या महिन्यातल्या त्या शनिवारी जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अजूनही आठवलं की अंगात वारं शिरल्यासारखं होतं.

नलूताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, अच्युतची, थोरली बहीण. वय चौसष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र सहा फुटी. लग्न केलं नाही. आमच्याबरोबरच भिलाईत सेक्टर सहामध्ये राहतात. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टर अलॉटमेंटच्या ऑफिसात काढली. भिलाईकरांना त्या ऑफिसचं महत्त्व सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. इथे माणसाचं घर त्याच्या ग्रेडवर आणि सिनिऑरिटीवर ठरायचं. लिस्ट लागायची, लिस्टमध्ये नंबर यायचा, मग कुठला सेक्टर, कुठली स्ट्रीट, खालचं की वरचं. स्थळ सांगून आलं तर मुलाचा पगार नंतर, आधी विचारायचे, क्वार्टर मिळालं का?

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला कोण आनंद! नणंदच अलॉटमेंटमध्ये, म्हणजे पोरीला पहिल्याच वर्षी अंगणवालं घर. कसलं काय! नलूताईंनी सख्ख्या भावाचं नाव लिस्टमध्ये जिथे होतं तिथेच राहू दिलं, एका नंबरानेही वर सरकवलं नाही. सहा वर्षं मी वरच्या मजल्यावर एका खोलीत दोन लेकरं वाढवली. "घरच्याले आधी द्याचं तर लिस्ट कावून लावतो आपण?" असं त्या एकदा जेवताना म्हणाल्या आणि वर मलाच वरण वाढायला सांगितलं. तेव्हापासून आमचं गोडीगुलाबीत कधी जमलं नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, आमच्याकडे रोज बँड वाजायचा.

रिटायर झाल्यावर त्या घरी बसतील आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची सिनिऑरिटी लावतील, या धास्तीत मी होते. झालं भलतंच. शेजारच्या मधुवंतीचा कुत्रा हरवला आणि त्याला शोधायला नलूताई कुरुदच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेल्या. कुरुद म्हणजे भिलाईच्या काठावरचं गाव, आता अर्धं शहर झालंय. तिथे भाड्याच्या गोदामात दिपाली नावाची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी रस्त्यावरून उचललेली, गाडीखाली आलेली, मालकांनी टाकून दिलेली कुत्री ठेवत. मधुवंतीचा कुत्रा दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला. पण नलूताईंनी पिंजऱ्यांतली चाळीस कुत्री पाहिली आणि दिपालीला विचारलं, "यायची लिस्ट कुठं आहे?"

"लिस्ट? कैसी लिस्ट, आंटी?"

"कोणाले घर आधी, कोणाले नंतर, ते कोण ठरवते?"

"ऐसा कुछ नहीं है. जो दिसायला गोंडस, तो पहिले जाते."

नलूताईंना ते सोसवलं नाही. गोंडस दिसतो म्हणून आधी? हा तर उघड वशिला झाला! त्या तशाच तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि कुठलं कुत्रं कधी आलं ते दिपालीला विचारून विचारून लिस्ट लावली. तो दिवस आणि आजचा दिवस, तीन वर्षं झाली.

त्यांची पद्धत ऐकली की माणसं आधी हसतात, मग गप्प होतात. कुत्रं पाहिजे असणाऱ्याने अर्ज भरायचा. घर खालचं की वरचं, शिफ्ट ड्युटी आहे का, दुपारी घरात कोण असतं, घरात कोणाचा विरोध आहे का, सगळे रकाने. ज्यांना कायमचं नको त्यांच्यासाठी महिना-दोन महिन्यांचं टेंपररी अलॉटमेंट. म्हणजे कुत्रं बरं होईपर्यंत किंवा कायमचं घर मिळेपर्यंत त्यांच्याकडे राहणार. रायपूर आणि नागपूरकडच्या, कुत्री सांभाळणाऱ्या संस्थांचे नंबर त्यांना तोंडपाठ. पण खरी गंमत पुढे आहे. आमच्याकडे क्वार्टर घेण्याआधी माणूस ते पाहून यायचा. पसंत नसेल तर नकार द्यायचा. तीन नकार झाले की नाव लिस्टच्या तळाशी. नलूताईंनी हाच नियम कुत्र्यांना लावला! कुत्र्याला घर दाखवायला न्यायचं, फाटकापाशी दोरी सोडायची आणि कोणी ओढायचं नाही, ढकलायचं नाही, बिस्किट दाखवायचं नाही. कुत्रं आपण होऊन आत गेलं, पाणी प्यायलं आणि दहा मिनिटं बसून राहिलं, तर घर पसंत. नाहीतर परत.

"कुत्र्याले घर निवडता येते, अशी भिलाई कधी पाह्यली होती का वं?" असं त्या मला विचारायच्या, डोळे चमकवत. मी म्हणायची, "आम्हाला सहा वर्षं निवडायला मिळालं नाही, कुत्र्यांना मिळतंय, ठीक आहे."

माझी एकच अट होती. कुत्रं या घराचा उंबरा ओलांडणार नाही. लहानपणी बालोदला मामाकडे मला कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. नलूताईंनी अट पाळली. शंभरावर कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या बाईने स्वतःसाठी एक पिल्लूसुद्धा कधी आणलं नाही, की त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही.

आणि मग गोदामाच्या मालकाने सांगितलं की जागा त्याला पाहिजे. पंधरा दिवस. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चाव्या हातात. तोवर लिस्टमध्ये नऊ कुत्री उरली होती. ज्यांना घर मिळणार नाही त्यांना छोटा हाथी टेंपो येऊन घेऊन जाणार होता, राजनांदगावच्या पुढे एका शेतातल्या शेडमध्ये. त्या शेडमध्ये आधीच साठेक दांडगी कुत्री होती आणि सगळ्यांना एकाच ढिगातून खावं लागायचं. कमजोर कुत्रं तिथे महिनाभरही टिकणार नाही, असं दिपालीने रडत रडत सांगितलं.

ते पंधरा दिवस आमच्या घराचं लग्नघर झालं होतं! सकाळी सहापासून फोन. एक रायपूरला, दोन नागपूरच्या संस्थेत, तिला तर नलूताईंनी सतरा वेळा फोन केला तेव्हा कुठे त्यांनी हो म्हटलं, तेही वैतागून. एक नेहरूनगरच्या डेअरीवाल्याकडे, एक रिसालीच्या शिक्षिकेकडे, तीन इथल्याच सेक्टरांत. प्रत्येक वेळी घर पसंत पडलं की त्या फोनवर "लागलं! लागलं!" असं ओरडायच्या, आणि अच्युत बाथरूममधून विचारायचा, काय लागलं? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आठ झाली. मी कबूल करते, आठवं लागलं तेव्हा मीही ओरडले.

राहिली एक. पावरहाऊस.

भिलाईच्या पावर हाऊस भागातल्या बाजारात सापडली म्हणून हे नाव, नाहीतर त्या कुत्रीत पावर कुठली? म्हातारी, तांबूस, एक कान फाटलेला, मागचा पाय ओढत चालणारी. लिस्टमध्ये तिचा नंबर पहिला होता. तीन घरं दाखवून झाली, तिन्ही तिने नाकारली. सेक्टर दोनच्या घरात फाटकाशीच फतकल मारून बसली. वैशालीनगरच्या घरात आत गेली, वास घेतला आणि बाहेर आली. तिसऱ्या घरातून तर तोच लंगडा पाय घेऊन पळाली. तीन नकार, म्हणून नाव तळाशी. शेवटचे दोन दिवस दिपाली हात जोडून म्हणत होती, "आंटी, या वेळेला दोरी बांधून सोडून येऊ ना कोणाच्या तरी घरी." नलूताई नाही म्हणाल्या. "बांधलेली कुत्री लोकं आठ दिवसात सोडून देतेत. मंग ती ना इकडची ना तिकडची."

शनिवारी सकाळी चमत्कार झाला. धर्मेंद्र नावाच्या माणसाचा फोन आला. म्हातारी कुत्री चालेल, घर खालचं आहे, आई दिवसभर घरात असते. नलूताई आंघोळीला गेल्या होत्या म्हणून फोन मी घेतला. "स्ट्रीट इकतीस, सात-ए," तो म्हणाला. मी लिहून घेतलं आणि माझा नंबरही त्याला दिला. दिपाली गोदाम रिकामं करण्यात गुंतलेली, म्हणून नलूताई मला म्हणाल्या, "सुहास, आज तुले याच लागते माह्यासंगं. ऑटोत तिच्याजवळ कोणी पाह्यजे."

मी! कुत्रीजवळ! पण त्या दिवशी नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी ऑटोच्या एका टोकाला, पावरहाऊस दुसऱ्या टोकाला आणि मधे माझी पर्स. नलूताई पुढे स्कूटरवर. सगळा रस्ता ती माझ्याकडे आणि मी तिच्याकडे पाहत होतो. दोघींचाही एकमेकींवर विश्वास नव्हता.

"सेक्टर कोणता सांगतला त्यानं?" निघताना नलूताईंनी विचारलं होतं.

"सहाच," मी ठणकावून सांगितलं.

दुपारी तीन वाजता आम्ही सेक्टर सहाच्या एकतिसाव्या स्ट्रीटवर, सात-एच्या फाटकापाशी उतरलो. दार अर्धवट उघडं. हाका मारल्या, उत्तर नाही. "आई झोपली असंल," नलूताई म्हणाल्या आणि त्यांनी दोरी सोडली. आम्ही दोघी फाटकाबाहेरच उभ्या.

पावरहाऊस फाटकात थांबली. मान वर करून वास घेतला. आणि मग ती चालायला लागली! सरळ अंगणातून, दोन पायऱ्या चढून, जणू सकाळीच इथून बाहेर पडली होती आणि आता घरी आली होती. आम्ही चपला काढून दबक्या पावलांनी मागोमाग. तिने मोरीजवळच्या बादलीत तोंड घातलं, लपालपा पाणी प्यायली आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी पलंगाखाली जाऊन पडली. पलंगावर कोणीतरी चादर ओढून झोपलं होतं.

"घड्याळ लाव!" नलूताई कुजबुजल्या.

तीन मिनिटं. पाच. कुत्रीने हनुवटी पुढच्या पायांवर टेकली. सात. मी नलूताईंचा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तो काळानिळा पडला. नवव्या मिनिटाला तिचे डोळे मिटले. दहा! मी टाळी वाजवली आणि मोठ्याने म्हणाले, "लागलं!"

चादरीतून पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उठून बसला. "कोण आहे बे?"

"तुमचा अर्ज..." मी म्हटलं.

"कोनता अर्ज? आन् माह्या घरात तुमी काय करून राहिल्या दोघी बाया?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. धर्मेंद्र. "आंटी, मैं गेट पे खड़ा हूँ एक घंटे से. आप लोग निकले कि नहीं?"

"आम्ही तुमच्याच घरात आहोत!"

"मेरे घर में? सेक्टर सात में?"

भिलाईत आपल्या सेक्टरमध्ये राहणारा माणूस पत्ता सांगताना सेक्टर कधी सांगत नाही. स्ट्रीट सांगतो आणि घर सांगतो, सेक्टर गृहीत. त्याने त्याचा गृहीत धरला, मी माझा धरला. आणि एकतीस नंबरची स्ट्रीट, सात-ए नंबरचं घर, दोन्हीकडे तंतोतंत तेच! चौतीस वर्षं ज्या बाईने एक पत्ता चुकू दिला नाही तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या पलंगाखाली कुत्रीजवळ जाऊन लपावंसं वाटलं.

"माझी चूक," मी म्हटलं. काय करणार?

म्हाताऱ्याचं नाव श्यामराव. मूळचे नागपूरकडचे, कारखान्याच्या आतल्या रेल्वेत इंजिन चालवायचे. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. सगळा प्रकार समजल्यावर ते आधी खूप तणतणले. मग वाकून पलंगाखाली पाहिलं. पावरहाऊसने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. ते उठले. स्वयंपाकघरात गेले, सकाळची पोळी घेऊन आले, कुस्करून बशीत दूध घातलं आणि बशी पलंगाखाली सरकवली.

"राहू द्या तिले," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, देव पावला! पण माझी नणंद ती माझी नणंदच. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "असं नाही राहता येत. आधी अर्ज भरा."

साडेतीन वाजले होते. मी धर्मेंद्रची माफी मागितली. तो बिचारा भला माणूस, म्हणाला, कोई बात नहीं, अगली बार. आणि इकडे रकान्यामागून रकाना भरला जात होता. घर खालचं. दुपारी घरात असतात. विरोध करणारं कोणी नाही. वय अठ्ठ्याहत्तर. तिथे नलूताईंचा पेन थांबला.

सत्तरीच्या वरचा, एकटा राहणारा माणूस असेल तर अर्जावर नॉमिनी पाहिजे, तोही साठीच्या आतला. त्याच्यामागे कुत्र्याला कोण नेणार, त्याचं नाव आणि सही. हा नियम त्यांनी उगाच केलेला नाही. सुपेल्यात एक म्हातारा वारला होता आणि त्याचं कुत्रं कुलूप लावलेल्या दारासमोर अकरा दिवस उपाशी बसून होतं. बाराव्या दिवशी नलूताईंनीच ते पुरलं.

"नॉमिनी कोण देता?" त्यांनी विचारलं.

श्यामराव बोटं मोजायला लागले. "शेजारी बदलीवर गेला. साळा होता, तो मेला. माह्यं कोणी नाही इथं, बाई."

"मंग नाही होत," नलूताई म्हणाल्या. "मले माफ करा. नाही होत."

त्या कागदाची घडी घालायला लागल्या. पावणेपाचला गाडी निघणार, कुत्री पलंगाखाली झोपलेली, आणि ही बाई नियमासाठी आपल्या हाताने तिला त्या शेडमध्ये पाठवणार! आणि रडतही होती, चष्म्याच्या आतून, पुसायचंही भान नव्हतं. मला इतका संताप आला, इतका संताप आला, की काय सांगू. आणि त्या संतापातच मला कळलं की या बाईने आयुष्यभर कोणालाच फसवलं नाही. स्वतःला तर नाहीच.

"द्या तो कागद इकडे," मी म्हटलं. "माझं नाव लिहा."

"तुह्यं?"

"तुमचं चालणार नाही, तुम्ही चौसष्टच्या. मी सत्तावन्नची आहे. लिहा, सुहासिनी."

नलूताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग तुम्हाला खरं वाटणार नाही, त्यांनी माझीही चौकशी सुरू केली! "नॉमिनीच्या घरात कोणाचा विरोध?"

"कोणाचा नाही."

"गेल्या बुधवारीच तू म्हणत होती..."

"बुधवार गेला ना आता!" मी ओरडले. श्यामराव पहिल्यांदा हसले. त्यांना वरचे दोन दात नव्हते.

अर्जाच्या शेवटी नॉमिनीला एक वाक्य मोठ्याने वाचावं लागतं, मग सही. मी वाचायला लागले, "अर्जदाराच्या पश्चात..." आणि थबकले. माणूस समोर बसलेला, जिवंत, हसतोय, आणि त्याच्या तोंडावर हे वाचायचं?

"वाचा ना," श्यामराव म्हणाले. "पश्चात म्हंजे मी गेल्यावर. इतकं मलेही समजते."

"अर्जदाराच्या पश्चात या कुत्रीला मी माझ्या घरी नेईन आणि शेवटपर्यंत सांभाळीन."

श्यामरावांनी दोन्ही हातांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "माह्यासाठी बी कोणी असा कागद लिहून ठेवला नोयता." आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेले. जाताना पलंगाच्या बाजूने लांबचा वळसा घेतला, तिच्या शेपटीवर पाय पडू नये म्हणून.

चार वाजून वीस मिनिटांनी मी सही केली. नलूताईंनी दिपालीला फोन लावला. "नऊ! नऊच्या नऊ लागले! गाडीवाल्याले म्हणा, रिकामा जा!" पलीकडून असा काही आरडाओरडा ऐकू आला की पावरहाऊसने दोन्ही कान उभे केले, फाटलेलासुद्धा. मी त्या अनोळखी घराच्या ओसरीत उड्या मारत होते, सत्तावन्न वर्षांची बाई, पायांत चपलाही नाहीत. नलूताईंनी मला मिठी मारली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं डोकं माझ्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं.

घरी आलो तेव्हा अच्युत पेपर वाचत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "एकतीस नंबर स्ट्रीटवर श्यामराव म्हणून एक आहेत. रोज देवाला सांग, त्यांना शंभर वर्षं आयुष्य दे म्हणून. आणि नाहीच दिलं, तर मोरीजवळ पाण्याची एक बादली भरून ठेव."